न व्यालेल्या कुत्रीचं दूध

ती पिल्लं मरणार, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. त्यांची आई, आमच्या परसात राहणारी तांबडी कुत्री, बिबट्यानं नेली होती. धानाच्या तणसाच्या ढिगापासून तळ्याच्या उंच पाळीकडे रक्ताचे थेंब गेले होते आणि पाळीवरच्या मातीत ओढत नेल्याची खूण होती. एवढंच सापडलं. ढिगाच्या पोटात तिनं उकरलेल्या पोकळीत पिल्लं एकमेकांवर चढून पडली होती. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते.

कुत्र्यांपासून का सुरुवात करतो आहे, ते मला नीट सांगता येत नाही. सांगायचं आहे ते माझ्या ताईच्या मुलीबद्दल. पण त्या दिवसांत या दोन गोष्टी आमच्या घरात एकमेकींत अशा अडकल्या, की एक बाजूला काढून दुसरी सांगू गेलो तर खोटं सांगितल्यासारखं होईल.

मी तेव्हा नागपूरच्या कॉलेजात इंटरला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे मी घरी आलो की सगळे माझ्याशी जरा जपून बोलत आणि मीही त्यांच्याशी जपूनच बोलत असे. आमचं गाव धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलाच्या तोंडाशी. एक तळं, तळ्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि पाळीपलीकडे मसण. दिवाळीच्या सुट्टीसाठी मी छोट्या लाइनीच्या गाडीनं वडशाला उतरलो, आरमोरीपर्यंत मोटार मिळाली आणि पुढं ओळखीच्या एका बैलबंडीत बसलो. बंडीवाल्यानं वाटेत एवढंच विचारलं, "तुले निरोप भेटला नाई का गा?"

ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. मग ताईला ताप भरला आणि त्यातच ती गेली. मी पोचलो तेव्हा दहावा होऊन गेला होता. जावई दिवस करून आपल्या गावी परतले होते. मुलगी जगली तर घेऊन जाऊ, असं म्हणून गेले होते.

अंगणात पाय ठेवला तेव्हा चपलेखाली काहीतरी बारीक चुरचुरलं. खाली पाहिलं तर मोहरी होती.

बाळंतपणात गेलेली बाई आपल्या लेकरासाठी परत येते, असं आमच्याकडे मानतात. म्हणून तिला पोचवून येताना पुरुष वाटेवर मोहरी टाकत येतात. ती अंधारात निघते, मोहरीपाशी येते, दाणा न् दाणा वेचत बसते आणि घरापर्यंत पोचायच्या आधीच उजाडतं. दिवसा कोंबड्या आणि चिमण्या ती मोहरी खाऊन टाकत. मग दिवेलागणीला माय सुपात नवी मोहरी घेऊन निघायची आणि पाळीच्या वळणापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत मागं मागं चालत ती टाकत यायची. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातातून सूप घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून, ती बी पेरते आहे असंच वाटत होतं.

घरात दूध नव्हतं असं नाही. वहिनीचा मुलगा तेव्हा नुकता बसायला लागला होता आणि वहिनीला भरपूर दूध होतं. पण ताईच्या मुलीला तिनं पाजायचं नाही, हे मायनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मेलेलीच्या लेकराला दुसरीनं छातीशी लावलं, तर ती त्या दुसरीच्या लेकरावर हात टाकते. गावातल्या इतर लेकुरवाळ्या बायकाही याच भीतीनं आमच्या अंगणात येईनाशा झाल्या होत्या. मायला एका नातवाला जपायचं होतं, म्हणून एक नात कापसाच्या बोळ्यावर होती.

बकरीच्या दुधात पाणी घालून, त्यात बोळा बुडवून माय तिच्या ओठांत पिळायची. ती थोडं गिळायची आणि बरंचसं ओकायची. तिचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. ते बारीक रडणं सुरू झालं की वहिनी आपल्या मुलाला काखेत घेऊन गोठ्यात निघून जायची. एकदा मी बैलांना पेंढी टाकायला गेलो, तर ती गव्हाणीपाशी कानांवर हात ठेवून बसलेली दिसली. तिची चोळी पुढून ओली झाली होती. मला पाहून तिनं पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "हे माया हातात नाई, भाऊजी. ती रडली का हे आपोआप येते."

मी पेंढी टाकली आणि बाहेर आलो.

तांबडी गेली ती याच दिवसांत. धान कापणीचे दिवस होते, सगळे बांधीत असायचे, पिल्लांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. एके सकाळी माय तणीस काढायला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. चुलीपाशी बसली. बऱ्याच वेळानं बाबांना म्हणाली, "पिल्लं जित्ती हायेत. पोटं तट्ट फुगले त्यायचे."

बाबा म्हणाले, "असतीन एखादा दिस."

"एखादा दिस नाई. ती येऊन पाजून जाते."

"कोण?"

"तांबडी."

बाबांनी विडी पेटवली आणि ते उठून बाहेर गेले. माय माझ्याकडे पाहत होती. मी शिकलेला, म्हणून मी काहीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं की मी काही म्हणू नये असं, ते मला कळलं नाही. दिवेलागणीला ती सूप घेऊन निघाली तेव्हा पाळीच्या वळणावर कितीतरी वेळ नुसतीच उभी होती.

मला त्या रात्री झोप आली नाही, हे खरं आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही असं मी वसतिगृहात मित्रांना सांगत असे. पण घरातल्या त्या अंधारात, भिंतीपलीकडे ते बारीक रडणं ऐकत पडलेलं असताना, तांबडी पाळीवरून उतरून येते आहे हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

उजाडता उजाडता मी परसात जाऊन बोरीच्या झुडपाआड बसलो. धुकं होतं. तणसाच्या ढिगाशी काहीतरी आडवं पडलेलं होतं आणि पिल्लांचा चुकचुक आवाज येत होता. पुढं सरकलो तसा कुठूनसा गावातला काळा कुत्रा उठला आणि माझ्या नि ढिगाच्या मध्ये येऊन उभा राहिला. भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. नुसता उभा राहिला. त्याच्या पायांमधून मला दिसलं. पिल्लांना पाजत होती ती आमचीच म्हातारी कुत्री, तोंड पांढरं झालेली, चालताना मागचा पाय ओढणारी. ती डोळे अर्धवट मिटून पडली होती आणि पिल्लं तिच्या लोंबत्या आचळांना लागली होती.

मला एकदम हलकं वाटलं. त्यानंतर सुट्टीभर मी रोज सकाळी तिथं जाऊन बसलो. पिल्लांचे डोळे उघडलेले पाहिले. म्हातारी तळ्यावर पाणी प्यायला उठली की काळा तिच्या जागी येऊन बसायचा. एकदा तो ढीवरांच्या वस्तीकडून आला आणि त्यानं पोटातलं सगळं, माशांची डोकी आणि भात, म्हाताऱ्या कुत्रीपुढं ओकून टाकलं. तिनं ते खाल्लं आणि पुन्हा आडवी झाली. त्या पिल्लांचा तो बाप होता की नव्हता, हे गावात कोणी सांगू शकलं नसतं.

शेजारच्या म्हातारीनं मला असं बसलेलं पाहिलं तेव्हा कुंपणावरून म्हणाली, "कालेजात हेच शिकवतेत का गा? कुत्रे पाह्यचे असन तर नागपुरात नाईत का?"

"आहेत वो आजी."

"मंग बापाचा खर्च काऊन करून राह्यला इतला?"

पण हे पुढचं झालं. पहिल्या दिवशी मी धावतच घरात गेलो आणि मायला म्हणालो, "तांबडी नाही येत. आपली म्हातारी कुत्री पाजते. मी डोळ्यांनी पाहिलं." मला वाटलं होतं, हे ऐकून तिच्या जिवावरचं ओझं उतरेल.

ती हातातला बोळा तसाच धरून म्हणाली, "म्हातारी?"

"हो."

"तिच्या आचयात दूध कुठचं? अवंदा ती व्यालीच नाई."

मी म्हणालो, कुठंतरी जंगलात व्याली असेल, तिची पिल्लं कशानं तरी खाल्ली असतील.

"रोज माया हातची पेज खाते ती. पोट दिसलं नसतं का मले?" मग ती उठली, मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि स्वतः पाहायला गेली. मी ते जीव नसल्यासारखं हलकं पोर घेऊन बसलो. तिचे डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्याच्या मागं पाहत होती.

माय परत आली ती निराळीच होऊन. "तांबडी तिच्याच पोटची होय," ती म्हणाली. "म्हातारीच्याच पोटची. आता समजलं मले. पोरीले सोताचं आंग नाई राह्यलं, तं ती मायच्या आंगात येऊन पाजते."

हे असं नसतं, हे म्हणायला माझ्या तोंडात शब्द आले होते. पण मग दूध कुठून आलं, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडण्याच्या आवाजानं जाग आली. आमच्याकडे अंगण रोजच झाडतात, पण हा आवाज अंगणात थांबत नव्हता, दूर दूर चालला होता. बाहेर येऊन पाहिलं तर माय कमरेत वाकून उंबऱ्यापासून पाळीकडे वाट झाडत निघाली होती. मोहरी आणि धूळ दोन्ही बाजूंना उडत होती. शेजारची म्हातारी कुंपणाशी आली.

"काय करून राह्यली वो बाई तू हे?"

"वाट झाडून राह्यली."

"थांब, थांब. कोणासाठी झाडतं?"

"माया पोरीसाठी," माय म्हणाली आणि झाडतच राहिली. म्हातारीनं आपल्या सुनेला हाक मारली, लेकरं आत घ्यायला लावली आणि दार लोटून घेतलं.

पाळीच्या वळणापर्यंत वाट झाडून माय परत आली. पाय धुतले आणि मुलीला मांडीवर घेऊन वहिनीपुढं बसली. दादा बांधीवर निघाला होता तो दारातच थांबला. माय वहिनीला म्हणाली, "माया आंगात दूध असतं तं मी तुले म्हटलं नसतं. आता पाज तिले."

दादा म्हणाला, "अन माया पोराचं काय? तूच म्हणे ना, ती हात टाकते म्हणून?"

"तवा मी तिले वाटेत अडवून ठेवली होती. ज्याले अडवलं त्याले राग येईनच. आता कोणी अडवलं नाई तिले. मंग ती आपल्या भाच्यावर काऊन चिडन?"

"अन चिडली तं?"

माय खाली पाहत राहिली. तिच्या मांडीवरची मुलगी रडतही नव्हती, आणि ते न रडणंच सगळ्यांना ऐकू येत होतं. दादाचा मुलगा त्याच्या खांद्यावर होता, चांगला गुटगुटीत, दादाचा कान ओढत होता. एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला ती. दादा वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

माय वहिनीला हळूच म्हणाली, "तुले पाजावं लागनच नाई वो. तू फकस्त बस. पाजणारी ती येते."

हे ऐकून वहिनीचा चेहरा पांढरा पडला. आपल्या अंगात ताई येईल, ही भीती पाजण्याच्या भीतीहून मोठी होती. ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं मायकडे पाहिलं नाही, दादाकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमी पाह्यलं ना त्या म्हाताऱ्या कुत्रीले?"

"पाहिलं."

"पाजते तवा ती कशी दिसते? भेलेली दिसते का?"

मी आठवून पाहिलं. खोटं सांगायचं नव्हतं. अर्धवट मिटलेले डोळे, मधूनच एखाद्या पिल्लाला चाटणं, मग पुन्हा मान टाकणं.

"नाही," मी म्हणालो. "झोप आल्यासारखी दिसते."

वहिनी खाली बसली. दादा पाठ करून अंगणात उतरला, पण गेला नाही. बाबा आणि मी बाहेर पडवीत आलो. माय "घे वो माय, घे" असं आत पुटपुटत होती, ते मुलीला म्हणत होती की आणखी कोणाला, ते कळत नव्हतं. मग ठसका लागल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गिळण्याचा. बाबांच्या हातातली विडी विझून गेली होती, तरी ते ती ओढत होते.

पुढं काही दिवसांनी दादाच्या मुलाला ताप आला. मी तेव्हा घरीच होतो. दादानं मुलाला मायकडे देणं बंद केलं. माय संध्याकाळी उंबऱ्यावर पाळीकडे तोंड करून बसली आणि नेहमीच्या आवाजात, एखाद्या शेजारणीशी बोलावं तशी बोलू लागली. "तुया लेकराले ती आपलं समजून राह्यली. तू तिच्या लेकराले आपलं समज. इतलंच मागून राह्यली मी." बस, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दादा गोठ्याच्या दारात उभा राहून ऐकत होता. दोन दिवसांनी मुलाचा ताप उतरला आणि हिरडीतून दाताची पांढरी कणी दिसली. वहिनीनं दोघांनाही पाजणं सुरूच ठेवलं. तापाच्या दिवसांतही थांबवलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

कॉलेजात परतल्यावर मी बरेच दिवस धीर गोळा करून एका प्राध्यापकांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, कुत्रीमध्ये असं होतं, गाभण न राहताही तिचं शरीर तयारी करतं आणि दूध उतरतं. कळपातल्या दुसरीच्या पिल्लांना ते मिळतं. मला फार बरं वाटलं. उन्हाळ्यात घरी गेल्यावर मी ते मायला जसंच्या तसं सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे शरीर आपोआप तयार होते?"

"हो."

"कोणी बोलावल्याबिगर?"

मी हो म्हणालो, पण तितक्या जोरानं नाही. ती म्हणाली, "मले तं नाई वाटत," आणि मोहफुलं वाळत घालू लागली.

त्या उन्हाळ्यातच तिनं मला माघातली गोष्ट सांगितली. पिल्लं मोठी झाली होती, त्यांना दात आले होते. एका सकाळी पिल्लं म्हाताऱ्या कुत्रीला लागायला गेली, तर ती दात विचकून त्यांच्यावर धावली. पिल्लं पळाली, पुन्हा आली, ती पुन्हा धावली. मग उठून, पाय ओढत, पाळीकडे निघून गेली. नंतर ती गावात फिरत असे, पण ढिगाकडे आली नाही. वहिनी तेव्हा परसात भांडी घासत होती. तिनं हे सगळं पाहिलं. राखेचे हात तसेच घेऊन ती घरात आली आणि निजलेल्या मुलीला उचलून छातीशी धरून बसली. "गेली ना," एवढंच म्हणाली. "दूध आटलं, तशी तांबडी निघून गेली."

म्हणूनच तिनं अजून ताईच्या मुलीचं दूध तोडलेलं नाही.

आता ती मुलगी धावते, भात खाते, मासळीतला काटा काढून दे म्हणते. दादाच्या मुलाचं दूध केव्हाच तुटलं, त्याला ते आठवतही नसेल. पण ही अजून दिवसातून एकदा, दुपारी, वहिनीच्या मांडीवर येते. जावई दोनदा न्यायला आले आणि दोन्ही वेळा मायनं त्यांना, अजून अंगावर पिते, असं सांगून परत पाठवलं. वहिनी वाळत चालली आहे. मागच्या दिवाळीत दादा मला तळ्यापर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला, "तुयं ऐकतीन ते. सांग त्यायले, आता तोडा म्हणून. माया बायकोच्या आंगात काई उरून नाई राह्यलं." पाण्याकडे पाहत मग म्हणाला, "मले माई बायको वापस पाह्यजे."

मी सांगायचं ठरवून घराकडे आलो. दुपार होती. माजघरात वहिनी मुलीला घेऊन बसली होती आणि माय तिच्याजवळ, गुडघ्याला गुडघा लावून. वहिनीचे डोळे अर्धवट मिटलेले होते. मायनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि विचारलं, "जेवली का वो बाई?"

वहिनी मायला आत्याबाई म्हणते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तेच म्हणते. पण त्या वेळी ती झोपेतून बोलावं तशी, हळूच म्हणाली, "हो माय, जेवली."

माय हसली. ताई गेल्यानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो. थोड्या वेळानं दादाही येऊन माझ्याजवळ उभा राहिला. पाजून होईपर्यंत आत कोणी जात नाही, असं आता आमच्या घरात ठरूनच गेलं आहे.